जुन्या बल्बमधलं काय काय वापरता येईल?

आठवीतल्याचा बाबा, लालबाग:
माळा आवरताना पिशवीभर गेलेले बल्ब निघाले. ९ वॉटचे एलईडी, दोन पिळाचे सीएफएल, एक जुना पिवळा. लेकाला प्रयोगासाठी हवेत. काय काढू देऊ?

वायरमनकाका:
सीएफएलला हात लावू नका. आत थोडा पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, पोराला बाहेर काढा. झाडू नको, जाड पुठ्ठ्याने गोळा करून उरलेला चुरा चिकटपट्टीने उचला. पिवळ्याची काच फोडण्यातही अर्थ नाही.

एलईडी मात्र खजिना. घुमट पिळून काढला की पांढरी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसेल. दिवे एकामागे एक जोडलेले, एक गेला की सगळी वरात अंधारात. मेलेल्यावर बहुधा काळा ठिपका असतो. बाकीचे ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा भाग) लावून एकेक तपासा. काही दिव्यांत दोन-तीन चिप असतात, ते मिणमिणतील.

खालच्या सर्किटमधला गोल कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर चार्ज होतो. होल्डरमधून काढल्यावरही झटका देतो, मी खाल्लाय. १० किलो-ओहमचा रेझिस्टर पकडीत धरून त्याच्या पायांना लावा, मग मल्टिमीटरने शून्य व्होल्ट झाले का बघा. हे तुम्ही करा, लेकाने नाही. आणि उघडा बल्ब परत मेनला लावायचा नाही, ती पट्टीसुद्धा शॉक देते.

आठवीतल्याचा बाबा:
सात दिवे पेटले! मीटर लॅमिंग्टन रोडवरून आणला. सीएफएलचं काय करू?

वायरमनकाका:
खोक्यात, न फोडता. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, भंगारवाल्याला नको.