कुस्कोला उतरल्याबरोबर हिंडू नका

पेरूची राजधानी लिमाहून विमानाने कुस्को गाठून त्याच दुपारी शहर पाहायचं, हा तुमचा बेत बदलाच. लिमा समुद्रकाठी, कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर; एकदम एवढ्या उंचीवर गेलं की विरळ हवेचा त्रास होतो. मीही हाच शहाणपणा केला होता. हॉटेलचा एक जिना चढले आणि पायरीवरच बसले, डोकं रात्रभर ठणकत होतं. त्यापेक्षा विमानतळावरून टॅक्सीने थेट ओयांतायतांबो या गावी जा. ते साधारण २,८०० मीटरवर आहे, शिवाय माचू पिचूला, म्हणजे इंका लोकांच्या प्राचीन नगरीला जाणारी रेल्वेही तिथून मिळते. कोकाच्या पानांचा चहा तिथे खुशाल प्या, पण पानं बॅगेत घालून आणू नका, आपल्याकडे बेकायदा आहेत. आणि हो, पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. लस घेतल्याचा दाखला असलेलं पिवळं कार्ड नसेल तर परतताना मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात.