खिसा रिकामा आणि जनावर टेबलावर : तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमचा बोका लघवीला बसायचा आणि तसाच उठायचा. दिवसभरात दहा-बारा वेळा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. संध्याकाळी ओकला, कोपऱ्यात जाऊन बसला, हात लावला तर गुरगुरला. तेव्हा कुठे उचलून नेलं. डॉक्टरांनी पोट नुसतं चाचपलं आणि म्हणाले, "लघवी तुंबलीय. मूत्राशय दगडासारखं लागतंय. आज मोकळी केली नाही तर उद्याचं सांगता येत नाही." लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाचे ठोके मंदावतात, हे मला त्या टेबलापाशी कळलं. मग पुढ्यात खर्चाचा कागद आला. रक्ततपासणी, भूल, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, सलाईन, तीन दिवस ॲडमिट. बेरीज माझ्या पगाराहून मोठी, आणि महिना संपत आलेला.

पाच-सात मिनिटं मी त्या कागदाकडे बघत बसले. "घरी विचारून सांगते," म्हणाले. घरी विचारायला कोणी नाहीच. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं, "डॉक्टर, माझ्याकडे यातले निम्मेच आहेत." ते म्हणाले, "मग निम्म्यात काय बसतं ते बघू." रक्ताच्या अगदी गरजेच्या तपासण्या केल्या, कॅथेटर घालून लघवी मोकळी केली, एक रात्र ठेवला, पुढची औषधं घरी. उरलेले पैसे दोन हप्त्यांत. पुन्हा तुंबू शकते असं बजावलंय, त्यामुळे आता मी त्याची लघवी मोजत हिंडते.

पण ती पाच-सात मिनिटं टोचतात. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत? निभावलं ते लिहा, नाही निभावलं तेही लिहा. "परवडत नाही तर पाळता कशाला" एवढं मात्र नको. ते आम्ही स्वतःला ऐकवतोच.

*

ताई, मी कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं आणि पाचव्या दिवशी ते पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराने, आडवं झालं. उलट्या, रक्ताचे जुलाब, अंगात त्राण नाही. ॲडमिट करायची ऐपत नव्हती. मी कॉलेजात, खोली भाड्याची, आणि पिल्लू ठेवल्याचं घरमालकांना माहीतसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी तिथेच शिरेतून सलाईन देऊन त्याला जरा सावरलं, उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविक दिलं. मग कातडीखाली सलाईन कसं सोडायचं ते माझ्याकडून दोनदा करवून घेतलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबू होतो, त्यात सुई. पहिल्यांदा हात इतका थरथरला की सुई आरपार जाऊन सलाईन माझ्याच मांडीवर. रोज सकाळी त्याला तपासायला न्यायचं, असं ठरलं. चौथ्या दिवशी त्याने वाटी चाटली आणि मी दारात बसून रडलो.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ॲडमिट केलेलं केव्हाही चांगलं, हा दुसरा पर्याय आहे. तेही इथे लिहितो, नाहीतर कोणी माझं वाचून घरीच सुया टोचत बसेल.

*

मी टेबलाच्या पलीकडची. पशुवैद्य आहे, रात्रपाळ्या करते.

वरच्या मुलाच्या डॉक्टरांनी केलं त्याला आधार आहे. अमेरिकेत कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीने पार्व्होच्या कुत्र्यांचे दोन गट केले होते. एकाला पूर्ण ॲडमिट करून उपचार, दुसऱ्याला आधी शिरेतून सलाईन देऊन सावरल्यावर घरी करता येण्याजोगे उपचार. २०१७ साली ते छापून आलं. पहिल्या गटातली ९० टक्के जगली, दुसऱ्यातली ८० टक्के. कुत्री प्रत्येक गटात २० च, आणि दुसऱ्या गटावरही लक्ष डॉक्टरांचंच होतं. तरी ८० टक्के आणि काहीच उपचार नाही यांत फरक आहे. तुंबलेल्या बोक्यांचंही तसंच. २०१० च्या एका अभ्यासात ज्यांच्या मालकांना नेहमीचा उपचार शक्य नव्हता असे १५ बोके घेतले. कॅथेटर न घालता सुईने मूत्राशय रिकामं करायचं, वेदना आणि भीती कमी करणारी औषधं द्यायची, अंधाऱ्या शांत जागी ठेवायचं. ११ बोक्यांना आपोआप लघवी झाली. फार बिघडलेल्या बोक्याला हे चालत नाही. पण असा रस्ता असतो, हे मालकाला कळायला हवं ना?

आणि ते आम्ही कधी सांगणार? तुम्ही रक्कम सांगितलीत तर! बहुतेक जण म्हणतात, "लागेल ते करा डॉक्टर." मी सगळं लिहून काढते, तेवढ्यात माणूस "गाडी लावून येतो" म्हणून जातो तो येतच नाही. जनावर आमच्या पिंजऱ्यात. त्यापेक्षा दारातच म्हणा, "माझ्याकडे एवढे आहेत, एवढ्यात सगळ्यात आधी काय कराल?" कुठली तपासणी उपचार बदलणार आहे आणि कुठली नुसती खात्रीसाठी आहे, हेही विचारा. त्यात अपमान नाही. फुकट मात्र आम्हालाही रोज जमत नाही. ऑक्सिजन, भूल, रात्रीची माणसं, सगळ्याचे पैसे आम्हीही मोजतोच. आमच्यातले काही जण पदरचे घालतात आणि महिनाअखेरीला तुमच्यासारखेच कागदाकडे बघत बसतात.

*

वरचं पटतं, पण सगळीकडे असे डॉक्टर भेटत नाहीत. मला डिपॉझिटशिवाय कुत्रीला हातही न लावता परत पाठवलं होतं, रात्री दोनला. आठवडाभर ढसाढसा पाणी पीत होती, खात नव्हती, माज येऊन महिना झालेला. गर्भाशयात पू. आधीच नसबंदी केली असती तर हे घडलंच नसतं, आणि त्याचा खर्च याच्या पासंगालाही पुरला नसता, हे मला चार जणांनी त्याच रात्री फोनवर ऐकवलं. (पैसे त्यातल्या एकानेच दिले. त्याने ऐकवलं नव्हतं.) सकाळी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. तिथे विद्यार्थी शिकतात म्हणून खर्च बराच कमी. रांग लांब, पण तिची अवस्था बघून पुढे घेतलं. वाचली. ज्याने हाकललं त्याच्या दारावरून अजून जाते, मान फिरवून.

*

मांजराला घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल. अर्धी पण नाही, पाव पण नाही. पैसे वाचवायला मी दिली होती. तोंड सुजलं, हिरड्या चॉकलेटी झाल्या. त्यावर उतारा असतो, आम्ही पोचेपर्यंत वेळ गेली होती. यापुढे लिहवत नाही.

*

आमचा कुत्रा तीन पायांचा आहे. गाडीखाली आला, मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. प्लेट टाकायचा खर्च ऐकून बायको म्हणाली, दागिना मोडू. मी म्हणालो, कर्ज काढू. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही, वेदनाशामकावर तो मधे पडून. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तिसरंच सुचवलं, पायच काढायचा. खर्च प्लेटच्या मानाने कितीतरी कमी. मला ते ऐकूनच मळमळलं. पण कुत्र्याला आरशात बघायची सवय नसते. टाके निघायच्या आधी तो दारापर्यंत उड्या मारत गेला. वजन वाढू द्यायचं नाही, एवढं एकच पथ्य. लोक थांबून हळहळतात, तो तेवढ्यात त्यांच्या पिशवीत तोंड घालतो.

*

विम्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आधीपासून असलेला आजार सहसा त्यात बसत नाही, घेतल्यावर काही दिवस थांबावं लागतं, आणि बऱ्याच योजनांत पैसे आधी तुम्हीच भरायचे, परतावा नंतर. रात्री दोन वाजता विमा असून खिसा रिकामाच. त्यापेक्षा मी दर महिन्याला थोडे वेगळे टाकतो. सशासाठी. हसू नका, ससा काही तास खायचा थांबला तरी धावावं लागतं.

*

आमचा मोठा कुत्रा जेवणानंतर ओकायला बघत होता, बाहेर काहीच येत नव्हतं. नुसती लाळ. पोट नगाऱ्यासारखं. जठर फिरलंय म्हणाले, तासाभरात ऑपरेशन, नाहीतर तडफडून जाईल. मी माझं कार्ड दिलं, चाललं नाही. भावाचं दिलं, अर्ध्यावर अडलं. डॉक्टरांनी मुदत दिली, हप्ते करून दिले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पोट उघडल्यावर कळलं, जठराचा मोठा भाग काळा पडलाय. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, भुलीतच जाऊ देऊ का? मी हो म्हणालो. पैसे असते तर अर्धा तास आधी आत गेला असता. तेवढ्याने फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

त्याला जाऊन सात महिने झाले. चार हप्ते बाकी आहेत. दर महिन्याला पैसे भरायला जातो तेव्हा काउंटरवरच्या बाई नाव विचारतात. माझं नाही, त्याचं. खातं त्याच्याच नावावर आहे.