मदत हवी आहे: आत्येला गुदाशयाचा मेलॅनोमा (एक प्रकारचा कॅन्सर), कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. आत्येला बरेच महिने शौचाच्या वेळी रक्त जायचं, सगळे मूळव्याधच म्हणत राहिले आणि औषधंही तीच चालू होती, शेवटी गाठीचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला तर रिपोर्टात म्युकोसल मेलॅनोमा, एस-१००, एचएमबी-४५ (मेलॅनोमा ओळखायच्या खुणा) दोन्ही पॉझिटिव्ह. हा उन्हामुळे होणारा कातडीचा नव्हे, आतल्या अस्तराचा, आणि फारच दुर्मिळ.

आता पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघायची तपासणी) व्हायचाय. डॉक्टर म्हणतात पसरला नसेल तर एकतर फक्त गाठ आजूबाजूच्या थोड्या भागासकट रुंद कापून काढता येईल, किंवा गुदद्वारासकट काढून शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. मी वाचलं त्यात मोठ्या ऑपरेशनने आयुष्य वाढतंच असं दिसत नाही, मग शक्य असेल तर पिशवी टाळावी असंच मला वाटतं, पण ठरवायला भीती वाटते हो.

कोणी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मुंबईला टाटात याच आजारासाठी दाखवलंय का? किट आणि बीआरएएफ टेस्ट (गाठीतल्या जनुकांतले बदल बघायची) ऑपरेशनआधी केली की नंतर? निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) घेतलेलं कोणी असेल तर खर्च, त्रास, सगळं सांगा. टाटात सेकंड ओपिनियनला बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) दोन्ही न्यावे लागतात काय? आत्येला अजून पुरतं सांगितलेलं नाही, म्हणून प्लीज मेसेजच करा.