मदत हवी आहे : मुलीच्या पाठीचा बाक अल्ट्रासाऊंडने कुठे मोजतात का?

नमस्कार, आम्ही फोंड्याचे. चवथीला माटोळीचं सामान निवडायला माझी १२ वर्षांची लेक खाली वाकली, तेव्हा सासूबाईंना तिच्या पाठीची उजवी बाजू वर आलेली दिसली. एक्स-रेत स्कोलिओसिस (कणा एका बाजूला वाकणं) निघाला, कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, २२ अंश. तिची उंची अजून वाढतेय, म्हणून दर ६ महिन्यांनी एक्स-रे काढायचा आहे. २५ च्या पुढे गेला तर ब्रेसचा (पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा) विचार करू, असं डॉक्टर म्हणाले.

एका एक्स-रेचा डोस थोडाच असतो, हे पटतं. पण वाढ थांबेपर्यंत किती होतील, या विचाराने झोप लागत नाही. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने यासाठी थ्रीडी अल्ट्रासाऊंड विकसित केलंय. प्रोब पाठीवरून कण्याच्या रेषेत फिरवतात, किरणोत्सर्ग अजिबात नाही. मात्र ध्वनिलहरी हाडाच्या आरपार जात नाहीत, त्यामुळे मणक्यांची मागचीच बाजू दिसते आणि कोन सहसा कॉबपेक्षा कमी येतो. म्हणून ब्रेसचा निर्णय एक्स-रेवरच घेऊ. मधल्या एखाद्या तपासणीपुरतं हे चालेल का?

बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात), नाहीतर बेळगाव, पुणे, मुंबईला कुठे अशी सोय आहे? नेहमीच्या सोनोग्राफी मशीनवर कुणी मोजून घेतलंय का? तुमच्या मुलांचे एक्स-रे आणि अल्ट्रासाऊंड असे दोन्ही आकडे असतील तर कृपया सांगा. पुढचा एक्स-रे मार्चमध्ये आहे, त्याआधी डॉक्टरांशी बोलायचं आहे.