टूडी म्हणजे मजबुरी नव्हे

'टूडी (सपाट चित्रांचे) गेम ही जुन्या मशीनची मजबुरी होती, आता कोण खेळणार?' हे मला अजिबात पटत नाही. ही समजूत १९९०च्या दशकातली. प्लेस्टेशन आलं तेव्हा थ्रीडी हीच नवेपणाची खूण ठरली आणि टूडी आपोआप मागासलेलं वाटू लागलं. पण 'कपहेड' (२०१७) बघा. त्यातली पात्रं कागदावर हाताने काढलेली आहेत, सेकंदाला २४ चित्रं! 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) तर कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. ही सवलत डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र बरोबर कळते. माझ्या भाच्याला 'सेलेस्ट' आधी 'लहान मुलांचा गेम' वाटला होता. मग गेममधल्या एकाच खोलीत तो तासभर अडकला, तरी कंट्रोलर काही खाली ठेवेना. नुसता ट्रेलर बघून हे कसं कळणार?