‘अनियोजित’, ‘अवांछित’, ‘नकोशी’: गर्भधारणेला कोणतं विशेषण?

वाचनवेडी: आरोग्यावरच्या एका लेखाचं मराठी तपासतेय. एकाच परिच्छेदात गर्भधारणेला अनियोजित, अनपेक्षित, अवांछित आणि नकोशी अशी चारही विशेषणं लावलीत, बहुधा पुनरुक्ती टाळायला. चारही एकच का? शिवाय ‘गरीब स्त्रियांमध्ये याचं प्रमाण जास्त’ यातलं ‘प्रमाण’ खटकतंय, पण का ते सांगता येत नाहीये.

जुनीपाटी: एकच कशी असतील? ‘अनपेक्षित’ आधी काढा. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर दिवस गेले, तर तेही अनपेक्षितच, पण घरात पेढे वाटतात. सर्वेक्षणात विचारतात ते वेगळं: दिवस राहिले तेव्हा मूल हवं होतं, पुढे कधीतरी हवं होतं, की नकोच होतं? मराठीत या शेवटच्या दोन उत्तरांसाठी अगदी नेमके वाक्प्रचार आहेत. पाळणा लांबवायचा होता आणि पाळणा थांबवायचा होता. ‘अवांछित’ फक्त दुसऱ्याला लावावा. दोन्ही मिळून ‘अनियोजित’ म्हणायची पद्धत रुळली आहे. ‘नकोशी’ तर अजिबात नको, तो शब्द ऐकला की मुलीच आठवतात.

उंबरठा: ‘अनियोजित’लाही माझी हरकत आहे. ऐकताना वाटतं, बाईनं नियोजन केलं नाही, चूक तिची. पण नियोजन करायला साधन परवडावं लागतं, दवाखाना जवळ असावा लागतो, नवऱ्यानं ऐकावं लागतं. हे ज्यांच्याकडे नाही त्यांच्यातच हा आकडा फुगतो आणि वर शब्द त्यांनाच बोल लावतो.

जुनीपाटी: मुद्दा बरोबर, पण पर्याय सुचवा की. ‘अनैच्छिक’ म्हटलं तर जबरदस्तीचा वास येतो. आणि इच्छा तरी कुठे इतकी स्वच्छ असते? कित्येक घरांतलं शेंडेफळ आधी नको होतं, मग सगळ्यात लाडकं झालं. म्हणूनच ‘लंडन मेझर ऑफ अनप्लॅन्ड प्रेग्नन्सी’ या मोजपट्टीत हो-नाही असं उत्तरच नाही. गर्भनिरोधक वापरलं होतं का, वेळ योग्य होती का, जोडीदाराशी बोलणं झालं होतं का असे सहा प्रश्न आणि ० ते १२ गुण. ० ते ३ अनियोजित, १० ते १२ नियोजित. मधल्यांना मी ‘द्विधा’ म्हणेन.

आकडेमोड: ‘प्रमाण’ का खटकतं ते सांगतो. मराठीत तो एकच शब्द दोन कामं करतो. एक, दर हजार स्त्रियांमागे वर्षाला किती. याला ‘दर’ म्हणा. दोन, एकूण गर्भधारणांपैकी किती टक्के. याला ‘वाटा’ म्हणा. अमेरिकेत २०११ साली १५ ते ४४ वयाच्या हजार स्त्रियांमागे अनियोजित गर्भधारणांचा दर ४५ होता, आणि वाटाही ४५ टक्केच! योगायोग, पण ‘प्रमाण ४५’ लिहिलंत तर वाचकाला काय कळणार? २००८ मध्ये दर ५४ आणि वाटा ५१ टक्के होता.

जगभरचा दर १९९०-९४ मध्ये ७९ होता, २०१५-१९ मध्ये ६४ झाला (वयोगट १५ ते ४९). श्रीमंत देशांत ३४, सर्वांत गरीब देशांत ९३.

उंबरठा: आणि कृपया ‘बाळंतपण’ लिहू नका. जगात अशा गर्भधारणांपैकी सुमारे ६१ टक्क्यांचा शेवट गर्भपातात होतो. नुसती बाळंतपणं मोजली तर निम्म्याहून जास्त गोष्ट गायब.

वाचनवेडी: ‘दर’ आणि ‘वाटा’ लगेच घेतले. लेखाचा मथळा ‘दर घटला, विषमताही घटली’ आहे. तो तरी चालेल?

आकडेमोड: कशावरून म्हणतात ते बघा. अमेरिकेचेच आकडे घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या स्त्रियांचा दर २००८ मध्ये १३७ होता, २०११ मध्ये ११२. दारिद्र्यरेषेच्या दुप्पट किंवा जास्त उत्पन्न असलेल्यांचा २६ वरून २० वर आला. वजाबाकी केली तर फरक १११ वरून ९२, म्हणजे घटला. भागाकार केला तर सव्वापाच पटींवरून साडेपाच पटींच्या पुढे, म्हणजे वाढला. ‘तफावत’ म्हणजे वजाबाकी, ‘किती पट’ म्हणजे भागाकार. ‘विषमता’ या शब्दात दोन्ही दडतात, त्यामुळे तो एकटा लिहू नये.

वाचनवेडी: लेखिकेनं वजाबाकी केलीय. मथळा ‘दर घटला, तफावतही घटली’ करते, आणि पटींचं एक वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालायला सांगते.