ब्रिटिश म्युझियम बघावं की नाही?

मेथीकूट
जूनमध्ये लंडनला चाललोय, सोबत आई आणि आठवीतली पुतणी. ब्रिटिश म्युझियम आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) दोन्ही लिस्टमध्ये आहेत, तिकीट नाही हेही एक कारण. पण भाऊ म्हणतो चोरीचा माल बघायला कशाला जाताय, आणि ते आता डोक्यातून जात नाहीये. जाऊन आलेल्यांनी सांगा, आणि पोरीला नेमकं काय दाखवू?

रानवारा
जा की, तू न गेल्याने त्यांचं काय बिघडणारे. फक्त वस्तू तिथवर आली कशी ते बघत जा. रोझेटा शिळेपुढे (प्राचीन इजिप्तमधला कोरीव लेख) ही तोबा गर्दी, सगळे समोरून फोटो काढतात आणि सटकतात. तू कडेला जा. एका बाजूला रंगवलंय की ब्रिटिश आर्मीने 1801 मध्ये इजिप्तमध्ये काबीज केली, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या जॉर्ज राजाची भेट! म्हणजे सापडली फ्रेंचांना, हिसकावली इंग्रजांनी, राजाने दिली म्युझियमला, आणि इजिप्तवाल्यांना कोणी हिंग लावून विचारलं नाही. पुतणीला एवढं दाखवलंस तरी बास.

सातारी_कंदी
सगळंच काय लुटीचं नसतं, भेटी पण असतात. पण भेट म्हणजे तरी काय हो? व्ही अँड एची वाघनखं घ्या, ग्रँट डफ या कंपनीच्या साहेबाच्या वंशजांकडून गेलेली. पेटीवर लिहिलंय की डफ साताऱ्याला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या प्रधानाने दिली. आता 1818 ला पेशवाई बुडालेली, बाजीराव बिठूरच्या वाटेला, साताऱ्याची गादी कंपनीच्या मेहेरबानीवर, अशा वेळी साहेबाने नुसतं कौतुकाने बघितलं तरी द्यायलाच लागणार ना. 2024 ला साताऱ्यात आली ती पण तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. महाराजांचीच का हे म्युझियमवालेही छातीठोक सांगत नाहीत, पण तो वाद इथे नको, धागा शंभरीला जाईल.

भरीत_भाकरी
अलोकप्रिय मत: आणून करणार काय? आपल्या सरकारी म्युझियममध्ये बल्ब गेला तर महिनोन्महिने बदलत नाहीत. तिथे निदान नीट आहे.

रानवारा
@भरीत_भाकरी बल्बचं खरंय, पण माझ्या घरात पसारा आहे म्हणून माझी वस्तू शेजाऱ्याने ठेवून घ्यायची का? आणि ब्रिटिश म्युझियम 1963 च्या कायद्याकडे बोट दाखवतं, वस्तू परत देता येत नाही म्हणे. कायदा त्यांच्याच पार्लमेंटचा, बदलायचा तर तेच बदलणार. 1897 ला इंग्रजांनी बेनिन शहर (आजच्या नायजेरियातलं) जाळून नेलेल्या ब्राँझच्या मूर्ती-पत्र्यांचं बघ, जर्मनीने 2022 मध्ये मालकी नायजेरियाला दिली, लंडनमधल्याच हॉर्निमन म्युझियमने पण दिली. मनात असलं की होतं.

मेथीकूट
भारी माहिती, थँक्स. मग व्ही अँड एमध्ये काय बघू, वाघनखं तर इकडे आहेत.

सातारी_कंदी
टिपूचा वाघ. लाकडी, जवळपास खऱ्या वाघाएवढा, गोऱ्या माणसाच्या उरावर बसलेला, पोटात चक्क वाजणारा ऑर्गन बाजा. 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाची लूट, इथे भेटबिट काही भानगड नाही. आधी कंपनीच्या लंडनच्या हापिसात ठेवलेला, येणारे-जाणारे हँडल फिरवून गुरगुर ऐकायचे आणि शेजारी वाचत बसलेले लोक वैतागायचे 😄 जायच्या आधी साईटवर चेक कर, मांडणी बदलत असतात. आणि आईसाठी दोन्ही म्युझियम एका दिवशी नको, पाय जातात.